दोन हेडचं पाणी: रो-हाउसच्या रांगेत स्प्रिंकलर आणि अलार्मचं डिझाइन

स्प्रिंकलरचं काम हाती आलं की घराचा नकाशा उघडण्याआधी आम्ही एकच गोष्ट विचारतो: रस्त्यातल्या पाइपमध्ये दाब किती आहे? कारखान्यात पाणी कमी पडलं तर पंप आणि टाकी बसते आणि विषय संपतो. रो-हाउसमध्ये प्रत्येक घराला एक इंची नळजोड आणि एक मीटर असतं, आणि सगळं तेवढ्यातच भागवायचं असतं. इथे नमुन्याला सहा घरांची रांग घेतली आहे. घरं तीन मजली. खाली गॅरेज आणि एक खोली, मधल्या मजल्यावर दिवाणखाना आणि उघडं स्वयंपाकघर, वर तीन बेडरूम.

पहिला निर्णय मानकाचा. एनएफपीए या अमेरिकी अग्निसुरक्षा संस्थेची तीन मानकं इथे समोर येतात. १३डी हे एक-दोन कुटुंबांच्या घरांसाठी आहे आणि पायापासून छतापर्यंत स्वतंत्र असलेल्या रो-हाउसना बहुतेक ठिकाणी तेच लागू करतात. १३आर चार मजल्यांपर्यंतच्या निवासी इमारतींसाठी, आणि नुसतं १३ म्हणजे पूर्ण इमारतीचं संरक्षण. १३डी आणि १३आर या दोन्हींत फवाऱ्याची किमान घनता सारखीच, दर चौरस मीटरला मिनिटाला सुमारे २ लिटर. फरक आहे तो हेडच्या, म्हणजे पाणी फवारणाऱ्या तोंडांच्या, संख्येत आणि वेळेत. १३डीत एका कप्प्यातले (भिंती आणि लिंटेलने वेगळ्या झालेल्या जागेतले) जास्तीत जास्त दोन हेड एका वेळी उघडतील असं धरून १० मिनिटांचं पाणी लागतं. १३आरमध्ये चार हेड आणि ३० मिनिटं. पाण्याचा साठा थेट सहापट होतो. म्हणून आर्किटेक्टकडून आम्ही आधी दोन घरांमधल्या भिंतीचा छेद मागून घेतो. ती भिंत आगरोधक आहे का, आणि पोटमाळ्यातून थेट छताच्या पत्र्यापर्यंत गेली आहे का, हे त्यात दिसतं. ती पोटमाळ्यात अर्धवट थांबली असेल, किंवा एका घराची खोली दुसऱ्या घरावर चढली असेल, तर १३डी विसरायचं. कोणतं मानक आणि त्याची कोणत्या वर्षाची आवृत्ती, हे स्थानिक अग्निशमन विभागाकडून लेखी घ्यावं. तोंडी उत्तरावर काढलेले नकाशे दोनदा काढावे लागतात.

घरमालकाला पहिल्याच बैठकीत सांगायची गोष्ट: १३डी माणसं बाहेर पडेपर्यंत खोली पेटू न देण्यासाठी आहे, घर शाबूत ठेवण्यासाठी नाही. त्यात रिकामा पोटमाळा सुटतो, गॅरेज सुटतं, ५.१ चौरस मीटरपर्यंतचं न्हाणीघर सुटतं, २.२ चौरस मीटरपर्यंतचं कपाट-कोठार सुटतं. पोटमाळ्यात गॅसवर चालणारं हीटर किंवा भट्टी असेल तर तिच्या डोक्यावर मात्र एक हेड लागतोच. गॅरेजबद्दल आमचं मत मानकापेक्षा कडक आहे. गॅरेजच्या वर माणसं राहतात आणि गॅरेजमध्ये गाडी, रंगाचे डबे, बॅटऱ्या असतात. पाण्याचा हिशेब परवानगी देत असेल तर तिथे हेड देतोच.

आता तो हिशेब. एक सामान्य निवासी हेड घेऊ: के-फॅक्टर, म्हणजे ठरावीक दाबाला हेडमधून किती पाणी येतं त्याचा आकडा, ४.९, मेट्रिकमध्ये सुमारे ७१. ४.९ मीटर चौरस जागेसाठी असा हेड साधारण मिनिटाला ४९ लिटर मागतो आणि त्यासाठी त्याच्या तोंडाशी ०.४८ बार दाब लागतो. दिवाणखाना ४.२ बाय ९ मीटर आहे, म्हणजे दोन हेड, ९८ लिटर. रस्त्यातल्या हायड्रंटवर चाचणी घेतली तेव्हा स्थिर दाब ४.१ बार दिसला असं धरू. चाचणी ज्या दिवशी, ज्या वेळी घेतली त्याहून वाईट वेळ वर्षात येणारच, म्हणून ३.६ बारच हाती आहेत असं मानायचं. मग खर्च लिहायला घ्यायचा:

हेडच्या तोंडाशी: ०.४८ बार
रस्त्यातल्या पाइपपासून हेडपर्यंत ७ मीटर चढ: ०.६९
घरातली एक इंची सीपीव्हीसी (क्लोरिनयुक्त पीव्हीसी प्लॅस्टिक) नळी, १८ मीटर, आणि वळणं-सांधे यांचं घर्षण सरळ नळीत मोजून आणखी १० मीटर: ०.७०
रस्त्यापासून घरापर्यंतची नळी: ०.३५
मीटर: ०.२५
पाणी उलटं जाऊ न देणारा डबल चेक व्हॉल्व्ह: ०.४५

बेरीज २.९२ बार. हाती ०.६८ उरतात. छान वाटतं, आणि इथेच प्लंबर विचारतो की पाऊण इंची नळी चालेल का. ९८ लिटरला एक इंची सीपीव्हीसीत मीटरमागे ०.०२५ बार जातात, पाऊण इंचीत ०.०७७. तिपटीहून जास्त. घरातल्या नळीचा खर्च ०.७० वरून २.१६ वर जातो, बेरीज ४.३८ होते आणि डिझाइन कोसळतं. पाऊण इंची फक्त शेवटच्या एकाच हेडला पाणी देणाऱ्या तुकड्यात चालवावी. उलट सव्वा इंची घेतली तर तोच खर्च मीटरमागे ०.००८ बारवर येतो. दाब कमी असलेल्या गावात हा सगळ्यात स्वस्त उपाय, पंपापेक्षा कितीतरी बरा.

वरच्या मजल्याचा हिशेब वेगळा करून बघायचा. चढ १० मीटर, म्हणजे ०.९८ बार, पण प्रत्येक बेडरूममध्ये एकच हेड आहे. पाणी निम्मं झालं की घर्षण जवळजवळ चौथ्या हिश्श्यावर येतं. त्यामुळे सगळ्यात उंच हेड म्हणजे सगळ्यात अवघड हेड, ही समजूत रो-हाउसमध्ये बहुधा खोटी ठरते. अवघड असतो तो मधला मोठा दिवाणखाना.

सहाही घरांना एकच जोड असेल तर घरगुती वापराचे मिनिटाला १९ लिटर जादा धरावे लागतात. रस्त्यावरचं पाणी पुरतच नसेल तर टाकी आणि पंप: ९८ लिटर गुणिले १० मिनिटं, म्हणजे १००० लिटरची टाकी प्रत्येक घराला पुरते.

हिशेब बिघडतो तो बहुतेक वेळा नंतर आलेल्या वस्तूंमुळे. पाणीपुरवठा विभाग शेवटच्या महिन्यात डबल चेकऐवजी जास्त दाब खाणारं उपकरण बसवायला सांगतो. मालक पाणी मऊ करणारं यंत्र स्प्रिंकलरच्या आधी जोडतो. एक इंचीऐवजी छोटं मीटर येतं. १०० लिटरच्या आसपास ते एकटंच बारभर दाब खातं. म्हणून नकाशावर मीटर आणि व्हॉल्व्हचा आकार, मॉडेल आणि ९८ लिटरला किती दाब जातो हा आकडा लिहूनच ठेवायचा. वस्तू बदलली तर हिशेब पुन्हा, हे त्याच ओळीत.

हेडची जागा ठरवणं हे कागदावर सोपं काम आहे. भिंतीपासून, हेडच्या मान्य अंतराच्या निम्म्याच्या आत आणि किमान १०० मिलिमीटर दूर. दोन हेडमध्ये किमान २.४ मीटर. हे किमान अंतर विसरलं तर आधी उघडलेल्या हेडचं पाणी शेजारच्या हेडवर उडतं, तो गार होतो आणि उघडतच नाही. खाली तोंड असलेल्या हेडची पाणी पसरवणारी चकती छतापासून २५ ते १०० मिलिमीटरच्या दरम्यान हवी. कप्पा कुठे संपतो हे दाराच्या वरच्या लिंटेलवर ठरतं: ती छतापासून किमान २०० मिलिमीटर खाली आली असेल तर पलीकडची जागा वेगळा कप्पा. स्वयंपाकघर आणि दिवाणखाना यांच्यात अशी लिंटेल नसेल तर दोन्ही मिळून एकच. आतील सजावट करणारे ती लिंटेल काढून छत सलग करतात तेव्हा आपल्याला कुणी कळवत नाही.

खरं भांडण पंख्याशी. खोलीचा मध्य वायरमनलाही हवा असतो आणि आपल्यालाही. १३डीत खाली तोंडाचा हेड पंखा किंवा लोंबत्या दिव्यापासून किमान ०.९ मीटर दूर हवा, भिंतीवरचा हेड १.५ मीटर. आमच्या दिवाणखान्यात दोन हेड ४.५ मीटरवर आहेत, बाजूच्या भिंतींपासून २.१ मीटर. आता दोन्ही हेडच्या जागी पंखे आले आणि हेड ०.९ मीटर सरकवले, तर लांबची भिंत ३ मीटरवर गेली. ४.९ मीटरच्या हेडला भिंत २.४५ मीटरच्या आत लागते. मग त्याच हेडची ६.१ मीटरची मान्यता वापरायची, आणि तिथे तो ७६ लिटर आणि १.१५ बार मागतो. दोन हेडचे १५२ लिटर. घरातल्या नळीचं घर्षण ०.७० वरून १.५५ वर, मीटर आणि बाहेरची नळीही दुपटीवर, आणि बेरीज ५ बारच्या वर. दोन पंख्यांनी सगळं पाणी खाल्लं. दोन हेडच्या बरोबर मध्ये एकच पंखा टांगला तर हेड जागचे हलत नाहीत आणि पंखा दोघांपासून २.२५ मीटरवर राहतो. वायरिंगचा नकाशा येण्याआधी छताचा एकत्र नकाशा हातात हवा, तो यासाठी.

उष्णतेच्या जागाही बघाव्यात. ६८ अंशांना उघडणारा साधा हेड शेगडीच्या कडेपासून किमान ४५० मिलिमीटर, पाणी तापवायच्या हीटरपासून १५० मिलिमीटर, उघड्या शेकोटीच्या बाजूला ९०० आणि समोर १५०० मिलिमीटर. त्याहून जवळ जावंच लागलं तर ७९ ते १०७ अंशांच्या गटातला हेड घ्यायचा. हेडमधल्या छोट्या काचेच्या नळीचा रंग बघून खात्री करता येते: नारिंगी ५७, लाल ६८, पिवळा ७९, हिरवा ९३.

झाकणाखाली लपणारे हेड मालकांना आवडतात, पण त्यांना वरखाली करायला मोकळीक साधारण १२ मिलिमीटरच असते. छताचा बोर्ड एकाऐवजी दोन थरांचा झाला की ती संपते. झाकण वितळणाऱ्या डाकाने चिकटवलेलं असतं आणि हेडच्या आधी, साधारण ५७ अंशांवर पडतं. रंगाऱ्याने त्यावर ब्रश फिरवला की डाक आणि फट दोन्ही बुजतात. असं झाकण घासून चालत नाही, बदलायचंच. हेडवर रंग उडाला असेल तर हेडही. कारखान्यातूनच रंगवलेली झाकणं मागवा, आणि रंगकाम संपेपर्यंत हेडवरच्या प्लॅस्टिकच्या टोप्या काढू नका. मात्र शेवटी सगळ्या टोप्या निघाल्या का ते मोजून बघा.

नळीसाठी आम्ही सहसा अग्निशमनासाठी मान्यता असलेली सीपीव्हीसी वापरतो, १२ बारची. तिच्या तीन गोष्टी सांभाळायच्या. पहिली, डिंक. टी-आकाराच्या जोडात हेड आधीच बसवून मग तो जोड चिकटवला तर जादा डिंक वाहत जाऊन हेडच्या तोंडात सुकतो. बाहेरून काहीच दिसत नाही, आणि असा हेड निकामी आहे हे आगीतच कळतं. सांधे पूर्ण सुकल्यावरच हेड बसवायचे. दुसरी, रसायनं. पोलादी नळीचं कटिंग ऑइल, काही फायर सीलंट, फवाऱ्याचा फोम, मऊ वायरच्या आवरणातलं तेल यांनी सीपीव्हीसीला महिन्यांनंतर बारीक तडे जातात. नळीला टेकणारी प्रत्येक वस्तू नळी बनवणाऱ्याच्या यादीत तपासायची. वायरमन सीपीव्हीसीवर केबल बांधतो, ती तर हमखास सोडवावीच लागते. तिसरी, लांबी. १० मीटरची सरळ नळी ३० अंशांच्या फरकाने १८ मिलिमीटर वाढते, म्हणून दोन टोकांना आवळून बांधू नका. आणि हवा भरून या नळीची गळती कधीच तपासायची नाही; सीपीव्हीसी हवेच्या दाबाखाली फुटते तेव्हा तुकडे उडतात.

दोन घरांमधल्या भिंतीच्या पोकळीत नळी घालायची नाही. प्रत्येक घराचा उभा पाइप त्याच घराच्या जिन्याजवळच्या कपाटातून वर न्यायचा.

थंड मुलखात नळी ४ अंशांखाली जाऊ देता येत नाही. वरच्या बेडरूमच्या हेडसाठी पोटमाळ्यातून गेलेली नळी छताच्या बोर्डाला चिकटून ठेवायची आणि इन्सुलेशन तिच्यावरून तंबूसारखं पसरायचं. नळी आणि बोर्ड यांच्यामध्ये इन्सुलेशन भरलं की घरातली ऊब नळीपर्यंत पोचत नाही, आणि हीच चूक सगळ्यात जास्त दिसते. मग कुणीतरी अँटीफ्रीझ, म्हणजे नळीतलं पाणी गोठू न देणारं द्रावण, सुचवतो. २००९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ट्रकी गावात स्वयंपाकघरातल्या आगीवर तीव्र अँटीफ्रीझ असलेल्या स्प्रिंकलरचा फवारा पडला, आग भडकली आणि एक जीव गेला. त्यानंतर निर्बंध आले, आणि आता फक्त मान्यताप्राप्त द्रावणच चालतं. सीपीव्हीसीत ग्लायकॉल हे अँटीफ्रीझ तर घालायचंच नाही, ते नळीलाच खातं. आमचा पर्याय सरळ आहे: वरच्या मजल्याला भिंतीवरचे हेड द्यायचे आणि नळी आतल्या, घराच्या उबेत असलेल्या भिंतीतून न्यायची. पोटमाळ्यात नळीच नको.

अलार्मकडे आलो की मालक विचारतात, स्प्रिंकलर असताना हा कशाला? गादी धुमसत असते तेव्हा खोलीत धूर भरतो, पण छताशी ६८ अंश व्हायला बराच वेळ लागतो. धूर ओळखून माणसाला उठवायचं काम अलार्मचं, हेड फक्त उष्णता ओळखतो. आणि धुराच्या अलार्मने स्प्रिंकलर सुटत नाहीत, जो हेड तापतो तोच उघडतो. सिनेमात सगळे एकदम सुटतात, त्यामुळे हे प्रत्येक घरी समजावून सांगावं लागतं.

आमच्या नमुन्याच्या घरात धुराचे अलार्म सहा: तीन बेडरूममध्ये प्रत्येकी एक, बेडरूमच्या बाहेर एक, मधल्या मजल्यावर एक, खाली एक. खालच्या खोलीत पलंग टाकला जाणारच असं दिसलं तर तिथे सातवा. बेडरूमच्या दारापासून बाहेरचा अलार्म ६.४ मीटरच्या आत हवा. गॅरेज घराला जोडलेलं असल्याने बेडरूमच्या बाहेर कार्बन मोनॉक्साइडचाही. सगळे एकमेकांना तारेने जोडलेले आणि आत बॅटरी. देखरेख नसलेल्या (तुटली तरी आपोआप न कळणाऱ्या) अशा तारेवर धुराचे अलार्म १२ पर्यंतच जोडता येतात, तेवढ्यात घर भागतं. शेजारच्या घराशी ही तार जोडायची नाही. एकाचा करपलेला तवा सहा घरांना उठवतो आणि आठवड्यात कुणीतरी बॅटरी काढून ठेवतो.

जागा ठरवताना मापं अशी: शेगडीपासून ३ मीटर, न्हाणीघराच्या दारापासून ०.९, एसीच्या झरोक्यापासून ०.९, पंख्याच्या पात्याच्या टोकापासून ०.९. भिंतीवर लावायचा तर छतापासून ३०० मिलिमीटरच्या आत. उतरत्या छतात शिखराजवळ, पण अगदी वरच्या १०० मिलिमीटरच्या कोपऱ्यात नाही. तिथे हवा साचते आणि धूर उशिरा पोचतो. मधल्या मजल्यावर उघड्या स्वयंपाकघरापासून ३ मीटर मोजल्यावर बहुतेक वेळा जिन्याच्या तोंडाशीच जागा उरते. ती चांगलीच जागा आहे, धूर वर जातो तो तिथूनच. आम्ही या अलार्मना जिन्याच्या दिव्याच्याच सर्किटवर घेतो. वेगळ्या सर्किटचा ब्रेकर पडला तर महिनोन्महिने कळत नाही. जिन्यातला दिवा गेला की त्याच रात्री कळतं.

आवाजाची तपासणी दारं बंद करून, पलंगाच्या उशीशी. तिथे ७५ डेसिबल हवेत. आगीसाठी तीन टोले आणि विराम, कार्बन मोनॉक्साइडसाठी चार झटपट टोले आणि लांब विराम, हा फरक घरच्यांना ऐकवूनच दाखवायचा. अलार्म प्लास्टर घासून संपेपर्यंत खोक्यातच ठेवा. जिप्समची धूळ आत गेलेला अलार्म पुढे विनाकारण ओरडत राहतो. मागच्या बाजूला उत्पादनाची तारीख असते, तिथून १० वर्षांनी बदलायचा.

घरात धुराचे अलार्म असतील तर १३डी पाण्याच्या प्रवाहाचा अलार्म सक्तीचा करत नाही. तरी आम्ही फ्लो स्विच (पाणी वाहू लागलं की चालणारा) आणि बाहेर घंटा देतो, कारण घर बंद असताना हेड उघडला तर शेजाऱ्यांना कळायला हवं. स्विचला ३० ते ६० सेकंदांचा विलंब ठेवायचा, नाहीतर रस्त्यातल्या दाबाच्या झटक्यानेही घंटा वाजते. पाणी वाहू लागल्यापासून ९० सेकंदांत ती वाजलीच पाहिजे. चाचणीच्या नळाचं तोंड घरातल्या सगळ्यात लहान हेडएवढंच हवं. साधा अर्धा इंची नळ पूर्ण उघडून चाचणी घेतली की प्रवाह जास्त असल्याने स्विच चालतो, आणि एका हेडच्या ४९ लिटरला चालेल की नाही हे कळतच नाही.

पाणी भरताना सगळ्यात वरच्या टोकाशी हवा सोडायची. सांधे सुकल्याशिवाय दाब द्यायचा नाही. डबल चेकमुळे पाणी परत फिरत नाही, आणि उन्हाने नळी तापली की आतला दाब चढतो, म्हणून त्याच्या पुढे जादा दाब सोडणारा एक छोटा रिलीफ व्हॉल्व्ह. मग दूरच्या दोन हेडच्या जागी गेज आणि बादली लावून ९८ लिटर प्रत्यक्ष येतात का ते मोजायचं. हे मानकात सक्तीचं नाही, पण छोटं मीटर आल्याचं बहुतेक वेळा आम्हाला इथेच कळलं आहे.

मुख्य व्हॉल्व्ह एकच ठेवायचा, स्प्रिंकलर आणि घरचे नळ दोन्ही बंद करणारा. वेगळा व्हॉल्व्ह दिला की दुरुस्तीला बंद केलेला स्प्रिंकलर पुन्हा चालू करायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. एकच व्हॉल्व्ह असला की नळाला पाणी नाही म्हणून तासाभरात तो उघडला जातो. त्याच्यावर न पुसणारी पाटी लावायची: हा व्हॉल्व्ह स्प्रिंकलरचाही आहे, मिनिटाला ९८ लिटर लागतात, घर्षण वाढवणारी कुठलीही वस्तू आधी विचारल्याशिवाय जोडू नये. पाटीशेजारी चार जादा हेड, सहा झाकणं आणि ते बसवायचा पाना, एका डब्यात.